डोंगरफेरी : कोणी, केव्हा व कशी काढावी

शेतीविषयक पत्रिकेत डोंगरावर फिरावयास जाण्याची चर्चा पाहून काही वाचकांस नवल वाटण्याचा संभव आहे. पेरणी, लावणी, खत, कीड आणि बाजारभाव हे शेतकऱ्याचे विषय आणि सहल हा शहरवासीयांचा विषय, अशी वाटणी लोकांच्या मनात पक्की होऊन बसली आहे. कोकणच्या किनारपट्टीत मात्र ही वाटणी टिकत नाही. तेथे खाचर आणि डोंगर यांच्यामध्ये पुष्कळदा एका गडग्याचेच अंतर असते. डोंगरावर पडलेले पाणी खाचरात उतरते, डोंगरावरचा पाला राबावर येतो, गावची गुरे डोंगरावर चरतात, आणि डोंगराला लागलेला वणवा आंब्याच्या कलमांपर्यंत येऊन पोहोचतो. अशा डोंगरावर कोण चढतो, कोणत्या महिन्यात चढतो आणि चढून काय करतो, हा प्रश्न पायथ्याच्या शेतकऱ्याच्या संसाराचाच प्रश्न होय.

अलिबाग तालुक्यातील कनकेश्वराचा डोंगर हे याचे चांगले उदाहरण आहे. अलिबागेपासून सुमारे १३ किलोमीटरांवर, रेवसच्या बाजूस, मापगावास लागून हा डोंगर उभा आहे. त्याची उंची १,२०० फुटांहून थोडी अधिक भरते. माथ्यावर कनकेश्वराचे जुने शिवमंदिर, त्याच्याजवळ दगडी बांधणीची मोठी पुष्करणी आणि भोवती दाट झाडी आहे. मापगावाकडून वर जाणारी दगडी पायऱ्यांची वाट अठराव्या शतकात आंग्र्यांच्या अमदानीत बांधली गेली. पायऱ्या ७०० च्या वर आहेत. मध्ये नागोबाचा टप्पा, देवाची पायरी अशी ठिकाणे लागतात व तेथे सहजच विसावा घेतला जातो. सावकाश चालणाऱ्या मनुष्यासही तास-सव्वा तासात माथा गाठता येतो. साठीच्या गृहस्थाने आणि दहा वर्षांच्या मुलाने एकमेकांच्या सोबतीने चढावा, इतका हा डोंगर सुसह्य आहे. ज्यांचे पाय चालण्यास सरावलेले आहेत, त्यांच्यासाठी खंडाळे गावाकडून चढावयाचा सागरगड जवळच आहे. परंतु प्रथमच निघणाऱ्या मंडळींनी कनकेश्वरच निवडावा. श्रावणातील सोमवार, त्रिपुरी पौर्णिमा आणि महाशिवरात्र हे गर्दीचे दिवस वगळले, तर वर्षातील बहुतेक दिवस तेथे पाखरांच्या आवाजाखेरीज फारसा आवाज नसतो.

हा शांतपणा पुढेही राहील असे धरून चालणे धोक्याचे आहे. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने तासाभरात मांडव्यास उतरता येते. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत मोटारगाड्या वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईकरास आपल्या दारातील मोटार थेट अलिबाग तालुक्यात उतरविणे शक्य झाले. किनाऱ्यालगतची भातजमीन बंगल्यांच्या कुंपणात जात आहे, हे तर तेथून जाणाऱ्या कोणासही उघड्या डोळ्यांनी दिसते. माणसे आली की ती समुद्रावर जातात. समुद्रावर गर्दी झाली की डोंगराकडे वळतात. ही लाट आज ना उद्या प्रत्येक सोप्या डोंगरावर येणार, असेच मानून गावाने विचार केला पाहिजे.

अशा वेळी गावात दोन मते निघतात. एका मताप्रमाणे येतील तितकी माणसे येऊ द्यावीत, माथ्यापर्यंत मोटाररस्ता न्यावा, जागोजाग टपऱ्या उभ्या कराव्यात. दुसऱ्या मताप्रमाणे बाहेरच्या माणसास डोंगरावर पाऊलच ठेवू देऊ नये. पहिल्या मताने गावाच्या हाती थोडा पैसा येईल. पण रस्त्यासाठी कापलेल्या उतारावरील माती पहिल्याच पावसात खाली येईल आणि ती कोणाच्या खाचरात येऊन बसेल, हे सांगावयास इंजिनिअर नको. दुसरे मत अमलात येण्याजोगे नाही. देवस्थानाची वाट शतकानुशतके सर्वांस मोकळी आहे, आणि ती तशीच असणे योग्य आहे. या दोहोंपेक्षा निराळा मार्ग असा की, डोंगरफेरीचे वेळापत्रक गावाने आपल्या शेतीच्या हंगामावरून ठरवावे, फेऱ्या लहान तुकड्यांच्या असाव्यात, त्यांच्यासोबत गावातील जाणता मनुष्य असावा, आणि पाहुण्यांच्या आधी गावकऱ्यांनी स्वतः ही फेरी करावी. पाणलोट क्षेत्राच्या कामात शिवारफेरी हा शब्द सर्वत्र रूढ झाला आहे. गावचे लोक एकत्र निघून शिवार पायाखाली घालतात, ओढे, उतार, बांध पाहतात व मग कामे ठरवितात. कोकणात शिवारफेरी पुष्कळदा डोंगराच्या पायथ्याशीच थांबते. ती माथ्यापर्यंत नेली की तिचीच डोंगरफेरी होते.

प्रथम महिन्याचा प्रश्न. पुष्कळांस वाटते की डोंगर पाहावा तर पावसाळ्यात. हिरवळ, धुके, ओढ्यांचा खळखळाट, आणि भाद्रपदात फुलणारा तेरडा व सोनकी यांचे वर्णन ऐकून कोणासही मोह पडावा. तथापि शेतीच्या दृष्टीने हा काळ सर्वात गैरसोयीचा. या किनाऱ्यावर चार महिन्यांत २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. पायऱ्यांवर शेवाळ धरते, दगड निसटतात, आणि गेटवे-मांडवा लाँचसेवाही पावसाळ्यात बंद असते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आषाढात गावचा प्रत्येक हात लावणीस लागलेला असतो. नवखा मनुष्य चिखल टाळण्यासाठी बांधावरून चालतो. ओला बांध दहा-वीस पावलांनी खचतो, खाचरातील पाणी रात्रीतून निघून जाते, आणि चार दिवसांपूर्वी लावलेला आवा उघडा पडतो. ज्याने बांध तुडविला तो सायंकाळी आपल्या घरी पोहोचलेला असतो; त्याला या नुकसानीची वार्ताही नसते.

आश्विनात हळवी भाते कापणीस येतात, पाठोपाठ निमगरवी आणि गरवी. ऊनही त्या दिवसांत अंगावर येते. कापणी, बांधणी, झोडणी आटोपून दाणा घरात येईपर्यंत गावास उसंत नसते. म्हणून नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा, म्हणजे स्थूलमानाने मार्गशीर्ष आणि पौष हे दोन महिने धरून येणारा काळ, डोंगरफेरीस सर्वोत्तम समजावा. हवा कोरडी व सुखाची असते. पायऱ्या वाळलेल्या असतात. आकाश स्वच्छ असले तर माथ्याच्या पश्चिम कडेवरून खांदेरी व उंदेरी ही जलदुर्गांची जोडी पाण्यात बसलेली दिसते आणि उत्तरेस मुंबईच्या उंच इमारती धूसर रेघेसारख्या उमटतात.

या काळातही एक सावधगिरी हवी, आणि ती शहरातून येणाऱ्यास कोणीतरी समजावून सांगितलीच पाहिजे. भात कापलेले खाचर पाहून त्याला वाटते की शेत मोकळे पडले आहे. वस्तुतः भाताच्या धसकटांमध्ये, जमिनीत उरलेल्या ओलीवर, वाल उगवून आलेला असतो. रायगड जिल्ह्यातील कडव्या वालाचे पीक ते हेच. बियाला ना वेगळे पाणी, ना फारशी मशागत. जमिनीची ओल आणि पहाटेचे दव एवढ्यावर ते वाढते. अशा शेतातून दहा माणसे आडवी गेली की कोंब मोडतात व माती दडपून भेगाळते. अलिबाग तालुक्यातील पांढऱ्या कांद्याचीही लागवड भातानंतर याच सुमारास होते. औषधी गुणांविषयी ख्याती असलेल्या आणि भौगोलिक मानांकन लाभलेल्या या कांद्याचे कोवळे रोप प्रथमदर्शनी गवतासारखेच दिसते. तेव्हा फेरीची वाट गावरस्त्याने पायऱ्यांपर्यंत आणि पायऱ्यांनी माथ्यापर्यंत, अशीच ठरवावी. जवळची वाट म्हणून कोणी शेतातून निघाला, तर त्यास नम्रपणे पण स्पष्टपणे परत फिरवावे.

फेब्रुवारीपासून गवत पूर्ण वाळते आणि डोंगराचा रंग बदलतो. त्यानंतर फेरी काढूच नये असे नाही. पण पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वी खाली उतरावे. एप्रिल-मेमध्ये करवंदे पिकतात, जांभळे काळी होतात, आणि मुलांना आवरणे कठीण होते. तथापि किनाऱ्याच्या दमट हवेत उन्हाचा ताप आकड्यांहून अधिक जाणवतो. घाम येतो पण वाळत नाही. वयस्क माणसांनी या महिन्यांत चढण टाळलेली बरी.

दिवसाची आखणी साधी असावी. गावकऱ्यांची तुकडी सकाळी ७ वाजता पायथा सोडू शकते. मुंबईहून येणाऱ्यांनी सकाळची पहिली लाँच धरली, तर डिसेंबरात ९ वाजता चढण सुरू केली तरी बाधा नाही. अलिबागेहून येणाऱ्यांस रेवसच्या एस. टी.ची सोय आहे. एका तुकडीत १५ ते २० माणसे पुरेत. त्याहून अधिक झाली की पुढच्याचे मागच्यास ऐकू येत नाही, आणि जाणता मनुष्य सांगतो काय हे निम्म्या लोकांस कळत नाही. प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी, तांदळाची भाकरी, सुकी चटणी, गूळ-शेंगदाणे आणि दोन केळी असावीत. पायांत नवी वहाण घालू नये; सवयीचे, तळ न घसरणारे पादत्राण बरे. हातात काठी असावी. चहाची तलफ ज्यांस आवरत नाही, त्यांनी तो खाली गावातच पिऊन घ्यावा, म्हणजे वर चूल मांडण्याची कल्पना सुचणार नाही.

साप आणि मधमाश्या यांची भीती अवाजवी बाळगू नये, पण त्यांचा विसरही पडू देऊ नये. दगडाच्या फटीत न पाहता हात घालणे, वाळल्या पाल्यात अनवाणी शिरणे या गोष्टी टाळल्या तर फुरशाचा संबंध सहसा येत नाही. सर्पदंश झालाच तर जखमेवर चीर देऊ नये, घट्ट आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. दंश झालेला भाग हलू न देता रुग्णास सरकारी रुग्णालयात न्यावे. सर्पविषावरील लस हाच त्यावर खरा उपाय आहे. आग्या मोहोळ दिसल्यास त्याखालून मुकाट्याने निघून जावे. दगड मारणे, धूर करणे हे खेळ जिवावर बेततात.

आता ज्या गोष्टीकडे सर्वात अधिक लक्ष द्यावयास हवे, त्या आगीकडे वळावे लागेल. या भागात थंडीत पोपटी लावण्याची चाल आहे. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, कोणी अंडी वा कोंबडी भरून, मडके उपडे ठेवतात व भोवती पेंढा-पालापाचोळा पेटवून ते भाजतात. भांबुर्डीचा वास लागलेल्या त्या शेंगांची गोडी ज्याने चाखली, तो ती विसरत नाही. पाहुण्यांस ही पोपटी हवीच असते, आणि गावानेही ती अवश्य खाऊ घालावी. मात्र ती खाली, ज्या खाचरात पीक नाही अशा मोकळ्या जागी, पाण्याची कळशी जवळ ठेवून, गावकऱ्याच्या देखरेखीखाली. डोंगरावर एक काडीही ओढली जाऊ नये. वाळलेल्या गवताचा उतार पेटला म्हणजे ज्वाळा वरच्या दिशेने माणसाच्या धावेहून जलद चढतात. राखीव वनात आग लावणे किंवा विझवल्यावाचून आग मागे सोडणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये गुन्हा आहे. परंतु कायद्याच्या भयापेक्षा डोळ्यांनी पाहिलेले नुकसान मनुष्यास अधिक शिकवते.

ते नुकसान कसे होते, हे शेतकऱ्याने नीट पाहावे. वणव्यात गवत जळते एवढेच दिसते, आणि पावसाळ्यात ते पुन्हा उगवते म्हणून कोणी फारसे मनावर घेत नाही. परंतु गवताबरोबर जमिनीवरील पाल्याचा थर जळतो, बी जळते, ऐन-किंजळाची दोन-चार वर्षांची रोपे जळतात. जून महिन्यात पहिला पाऊस येतो तो या उघड्या मातीवर. पाल्याचा थर असता तर थेंबाचा मार त्याने झेलला असता व पाणी सावकाश जमिनीत जिरले असते. आता ते मातीसह खाली धावते. ओढे एका रात्रीत फुगतात आणि चार दिवसांत रोडावतात. पायथ्याच्या विहिरी ज्या झऱ्यांवर जगतात, त्यांना पुरवठा होतो तो या जिरलेल्या पाण्याचा. समुद्र आणि खाडी यांच्यामधील गावांत विहिरीस गोडे पाणी असणे ही केवढी मोलाची गोष्ट आहे, हे खारेपाटातील बायकांस विचारावे. एप्रिलमध्ये विहीर आटली म्हणजे लोक पावसास दोष देतात. मागच्या मार्चमध्ये डोंगर जळला होता, याची आठवण सहसा कोणी काढत नाही.

येथे सत्य सांगावयाचे तर सर्व दोष सहलीच्या मंडळींवर टाकता येणार नाही. राब भाजताना पेटलेली आग वाऱ्याने बांधापलीकडे गेली, असे कोकणात कित्येक गावी घडते. राबासाठी झाडांची कवळे इतकी छाटली जातात की झाडाचा नुसता सोट उभा राहतो, हेही डोंगराच्या खालच्या टप्प्यात ठिकठिकाणी दिसते. गादीवाफ्यावर शेणखत व कंपोस्ट घालून, बी ओळीत पेरून केलेली रोपे राबाच्या रोपांइतकीच जोमदार येतात, हे विस्तार कार्यकर्ते वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. तण कमी येते म्हणून राब भाजतो, हे शेतकऱ्याचे म्हणणे खोटे नाही. त्या सोयीसाठी डोंगराचा किती पाला दरसाल खर्ची पडतो, याचा हिशेबही त्याने मांडला पाहिजे. पाहुण्यास विडी पेटवू नको म्हणून सांगणाऱ्या गावाने आपल्या राबाची आग आवरली नाही, तर पाहुणा त्याचे ऐकेल तरी कशाला?

फेरीत काय पाहावे, हे त्या त्या जाणत्या माणसावर सोपवावे. ठरावीक पाठ नको. तरी दोन जागा चुकवू नयेत. पहिली पुष्करणी. इतक्या उंचीवर पाणी धरून ठेवण्याची बुद्धी ज्या पूर्वजांस झाली, त्यांनी भोवतालची झाडीही राखली. देवराईचे झाड तोडावयाचे नाही, हा नियम देवाच्या नावाने पाळला गेला आणि त्याचे फळ पाण्याच्या रूपाने सर्वांस मिळाले. त्या पाण्यात साबण लावणे, खरकटे धुणे, बाटल्या टाकणे हे कोणी करील तर त्यास तत्काळ अडवावे. २०१८ साली राज्याने प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली असली, तरी वर आणलेली प्रत्येक पिशवी परत खाली नेण्याचे काम शेवटी पिशवी आणणाऱ्याचेच आहे. गुरे त्या पिशव्या खातात. आणि पोट फुगून मेलेल्या गाईची नुकसानभरपाई कोणी सहलकरी देत नाही.

दुसरी जागा म्हणजे माथ्याच्या ज्या कडेवरून पूर्व आणि दक्षिण दिशेचा सपाट मुलूख दिसतो, ती. धरमतरच्या खाडीचे फाटे, त्यांच्या काठची तिवरे, त्यांच्या आत घातलेले मातीचे बांध आणि बांधांच्या आतील भातखाचरे असा तो खारेपाट आहे. उभ्या आयुष्यात त्या बांधावर माती टाकलेल्या शेतकऱ्यानेही तो असा वरून पाहिलेला नसतो. वरून पाहिले म्हणजे कळते की, भरतीचे खारे पाणी आणि पिकाचे खाचर यांच्यामध्ये उभी आहे ती केवळ मातीची एक रेघ. बांध फुटून खारे पाणी आत शिरले, तर पुढील दोन-तीन पावसाळे जमिनीतील क्षार धुऊन काढण्यात जातात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ या जातींनी खारवट जमिनीत भात घेणे सुकर केले आहे. तरी क्षार धुऊन नेण्यासाठी लागणारे गोडे पाणी पावसाचे आणि डोंगरावरून उतरणारेच असते. याच खारेपाटात चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ पर्यंत कुळांनी संप करून खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले. तो इतिहास पाहुण्यांस सांगण्यासारखा आहे. ज्या जमिनीच्या हक्कासाठी आजोबांनी सहा वर्षे उपासमार सोसली, ती जमीन नातू कुंपणवाल्यास विकतो तेव्हा तो काय विकतो, याचा विचार गावच्या तरुणांनीही त्या कडेवर उभे राहून करावा.

या सर्व खटाटोपात शेतकऱ्यास मिळावयाचे काय, असे कोणी विचारील, आणि तो प्रश्न रास्त आहे. पाहुणा मोटारीतून शिदोरी घेऊन आला, डोंगर चढला आणि निघून गेला, तर गावास धुळीखेरीज काही मिळत नाही. म्हणून दुपारचे किंवा परतीचे जेवण गावातच व्हावे. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, सुक्या मासळीची चटणी, सोलकढी असे जेवण येथील बचतगटांच्या स्त्रिया उत्तम करतात व त्यास मुंबईच्या माणसास परके असे काही नाही. फेब्रुवारीनंतर नवा पांढरा कांदा निघू लागतो. त्याच्या माळी रस्त्यावरच्या व्यापाऱ्याऐवजी शेतकऱ्याच्या पडवीतून विकल्या गेल्या, तर मधला नफा घरात राहतो, आणि अन्य ठिकाणचा कांदा अलिबागचा म्हणून खपविण्याचा प्रकारही थोडा आवरेल. वाट दाखविणाऱ्यास दिवसाची मजुरी ठरवून द्यावी. ती आधीच सांगितलेली असावी, शेवटी घासाघीस नको. मोठी कमाई यातून होईल असे स्वप्न कोणी पाहू नये. अडीच महिन्यांच्या हंगामात, आठवड्यातून दोन तुकड्या धरल्या, तर काही घरांच्या हाती बियाणे-खताचा खर्च येईल, इतकीच अपेक्षा ठेवणे शहाणपणाचे.

शेतकऱ्यास स्वतः डोंगर फिरण्यास सवड कोठे, हा आक्षेप मात्र पटण्यासारखा नाही. जत्रेस तो जातोच, लाकडास आणि कवळास जातोच. ते जाणे मान खाली घालून होते. वर्षातून एक दिवस रिकाम्या हाताने वर जावे, मुलांस बरोबर घ्यावे, आणि कोठे घळ पडली, कोठे झरा आटला, कोठे नवी रोपे तगली हे पाहावे. गावातील म्हाताऱ्यांस या डोंगरावरील पाण्याच्या जागांची नावे ठाऊक असतात. ती नावे लिहून घेण्याचे काम शाळेतील मुलांनी या फेरीत सहज करावे. म्हातारे अजून चढू शकत आहेत तोवरच ते होण्याजोगे आहे.

तारखा ठरविण्यास २ ऑक्टोबरची ग्रामसभा सोयीची आहे. त्या वेळी पिकाचा अंदाज आलेला असतो आणि कापणीस थोडे दिवस उरलेले असतात. त्याच सभेत वाट दाखविणाऱ्यांची नावे, तुकडीची मर्यादा व जेवणाचा दर मुक्रर करून तो फलक पायऱ्यांच्या आरंभी लावावा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, पहिली पाहुणे-तुकडी येण्यापूर्वी, गावाने वनरक्षकाच्या सल्ल्याने पायथ्याच्या बागांच्या वरच्या अंगास गवत कापून जाळरेषा काढावी. कापलेले गवत जागच्या जागी न पेटविता गुरांसाठी खाली आणावे. गावकऱ्यांची पहिली डोंगरफेरी त्याच दिवशी व्हावी, म्हणजे विळे घेऊन वर गेलेली माणसे कनकेश्वरापर्यंत जाऊन, पुष्करणीकाठी भाकरी खाऊन, ४ वाजेपर्यंत गवताचे भारे घेऊन खाली येतील.